वलगावची निवड चाचणी

संघपाल सकाळी नऊलाच शेतात हजर झाला, तेव्हाच देवानंदला कळून चुकलं की आजचे रोडगे सुखानं घशाखाली उतरायचे नाहीत. पंगत बसल्याशिवाय ज्यानं आजवर कोणत्याच कार्यक्रमाला तोंड दाखवलं नव्हतं, तो त्याचा मोठा भाऊ आज बाह्या सारून आंब्याखाली गोवऱ्या रचत होता आणि मधूनमधून आचलला हाका मारत होता.

"आचल, इकडं ये बेटा. गुडघा कसा काय हाये आता?"

"काहीच झालं नाही गुडघ्याले, मोठेबाबा."

"झालं तर सांगजो. आपल्या कॉलेजात आता फिजिओ ठेवला हाये."

आचल हसली आणि वांगी चिरायला आईजवळ जाऊन बसली. देवानंदची ही एकुलती एक मुलगी बारावी पास झाली म्हणून त्याच्या आईनं, केशरबाईनं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांचा घाट घातला होता. नात पास झाली, एवढंच बुढीच्या डोक्यात होतं. पण आचलच्या डाव्या पायानं शाळेच्या स्पर्धांमध्ये अमरावतीपासून नागपूरपर्यंत गोलकीपर रडवल्या होत्या. तिला आपल्याकडे ओढायला दोन कॉलेजं टपून होती, आणि दोन्ही या घरातलीच म्हणायला हवीत. अमरावतीच्या कॉलेजात संघपाल क्रीडा संचालक होता. अकोल्याच्या कॉलेजात त्याच खुर्चीवर धाकटी बहीण ज्योत्स्ना होती.

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात ज्योत्स्नाच्या मुलींनी संघपालच्या मुलींवर सहा गोल चढवले. सहावा झाला तेव्हा ज्योत्स्नानं टाळ्या वाजवल्या, आणि नेमकं ते संघपालनं पाहिलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा कुठे दोघं दवाखान्याच्या बाकावर एकमेकांशी बोलले, तेही थेंब कोणत्या वेळी टाकायचे एवढंच.

"सहा गोल कोनी मारले ते तरी पाय," संघपाल तेव्हापासून भेटेल त्याला सांगत होता. "दोन मणिपूरच्या पोरीनं, तीन हरयानाच्या पोरीनं, एक केरळच्या. अकोल्यानं काय मारलं? माह्या टीममदी शेंदूरजनाघाटची पोरगी हाये, चांदूर रेल्वेची हाये, दर्यापूरची हाये. मी गाडीवर फिरून फिरून गोळा केल्या. ज्योत्स्ना रेल्वे स्टेशनवर जाते अन् उतरवून घेते."

देवानंद या वादात भावाच्या बाजूनं होता. तो चांदूर रेल्वेला कृषी सहायक. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याबद्दल तास तास बोलेल, पण फुटबॉलमध्ये त्याला चेंडूपलीकडे फारसं काही कळत नसे. तरी "पहिला हक्क इथल्याच पोरीचा, बाहेरच्या आनून जिंकन्यात काय मोठेपना?" हे वाक्य त्यानं गेल्या महिन्याभरात बायकोला, सुभद्रेला, इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ती त्याच्या आधीच ते पूर्ण करू लागली होती. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. अमरावतीचं कॉलेज म्हणजे घरून, वलगावहून, वीस मिनिटांची बस. पोरगी संध्याकाळी घरी.

अकराच्या सुमाराला ज्योत्स्नाची पांढरी गाडी धुरळा उडवत बांधाशी थांबली. ती उतरली, आणि तिच्यामागून ट्रॅकसूट घातलेली एक बुटकी, काटक मुलगी उतरली. संघपालच्या हातातली गोवरी हातातच राहिली.

"अबे, ही तर तीच!" तो देवानंदच्या कानाशी पुटपुटला. "माह्या पोरीले पुढं जाऊच देत नव्हती. भिंत हाये भिंत. बहिनीनं हिले कायले आनलं इथं?"

"रोडगे खाले आनलं असन," देवानंद म्हणाला.

"ही माही कॅप्टन, मेमचा," ज्योत्स्ना आईला सांगत होती. "परीक्षा झाली हिची, होस्टेल सुनं पडलं. म्हटलं चाल घरी."

मुलीनं हात जोडले. "जयभीम आजी. थोडं पानी भेटते का? गाडीत जीव उकडून गेला माहा."

केशरबाईनं चष्मा वर केला आणि पोरीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अवं ज्योत्स्ना, हे पोट्टी तर आपल्यावानीच बोलते!"

"तीन वर्ष झाले आजी अकोल्यात. मेसवाल्या मावशीनं शिकवलं. पहिले मी हिंदीत भाजी मांगो, तं मावशी पातळ वाढे. वऱ्हाडीत मांगली का घट्ट वाढे. मंग शिकूनच घेतली."

सुभद्रा पदर तोंडाला लावून हसली. आचल तर विळी सोडून उठलीच. पाण्याचा गडू तिनं स्वतः नेऊन दिला आणि तिथंच उभी राहिली. जिच्यावरून महिनाभर भांडणं ऐकली, ती एवढीशी निघाली याचंच तिला नवल वाटत असावं.

"गाव कोनतं तुहं?" केशरबाईनं विचारलं.

"थौबल. मणिपूरमदी."

"लय दूर हाये?"

"हाव. रेल्वेनं अन् मंग गाडीनं, चार दिवस."

"मंग माय कशी राहते वं तुही?"

"रोज फोन करते. आज काय खाल्लं ते विचारते. मी वरन म्हनो, तं तिले वाटे हे एखादं औषध हाये."

सगळे हसले. देवानंद मात्र गोवऱ्या सारख्या करण्याच्या निमित्तानं पाठमोरा झाला.

निखारे पडले, रोडगे भाजले, राख झटकून तुपात बुडाले. पंगत आंब्याखाली बसली आणि दोन्ही क्रीडा संचालक आचलच्या दोन बाजूंना बसले. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

"आचल," ज्योत्स्नानं वांग्याची भाजी कालवत सुरुवात केली, "अकोल्यात तुले पहिल्या दिवसापासून टर्फवर प्रॅक्टिस भेटन. देशभरातल्या पोरी हायेत. त्यायच्यासंगं खेळली का सहा महिन्यात..."

"सहा महिने बेंचवर बसन," संघपालनं वाक्य पुरं केलं. "ज्योत्स्ना, खरं सांग. तुह्या अकरा जनीत वऱ्हाडातल्या किती?"

"दोन."

"त्या खेळते का पानी देते?"

"दादा, तुह्या अकराच्या अकरा खेळते. पहिल्याच राउंडले घरी येते."

"मागच्या वर्षी फायनलले आली होती!"

"अन् मंग?"

संघपालनं मिरचीचा तुकडा कचकन चावला. त्यांचे वडील, पुंजाजी, आतापर्यंत निमूट जेवत होते. या खेळाला ते लाथाचा खेळ म्हणत आणि त्यात आपलं डोकं घालत नसत. त्यांनी मान वर केली. "तुमच्या दोघायच्या भांडनात पोट्टीचं ताट थंडं होऊन राहिलं. जेवू द्या तिले."

"आबाजी, मी जेवून राहिली," आचल म्हणाली. "बोलू द्या त्यायले. मजा येऊन राहिली."

मजा खरी पुढेच होती. मेमचानं तिसरा रोडगा मोडत, अगदी सहज, मदत करायच्या भावनेनं म्हटलं, "आचल, तू येच अकोल्याले. तुले जागा पक्की हाये. प्रिन्सिपल सरनं मॅडमले सांगतलंच हाये, का या वर्षी चार तरी लोकल पोरी पाहिजेतच. पेपरात आलं होतं ना, का आमची टीम म्हंजे रेल्वेचा जनरल डबा हाये म्हनून."

ज्योत्स्नाचा घास घशात अडकला. संघपालचा चेहरा गोवरीच्या निखाऱ्यासारखा उजळला.

आचलनं हात ताटातच थांबवला. "म्हंजे आत्या, मले खेळासाठी नेऊन राहिली का पेपरातल्या फोटोसाठी?"

"असं नाही बेटा..."

"असंच हाये!" संघपाल मांडीवर थाप मारून म्हणाला. "आमच्याकडं नाही असं काही. आमच्याकडं तू हिशोबातली नाही, घरातली."

"हो का दादा?" ज्योत्स्नानं आता पाणी प्यायलं होतं. "मंग पोरीले पूरं सांग ना. तुह्या संस्थेच्या सेक्रेटरीनं काय सांगतलं? या वर्षी कप आला नाही तं पोरीची टीमच बंद. हे खोटं हाये का? तुले पुतनी पाहिजे का टीम वाचवाले डावा पाय पाहिजे?"

आता संघपालचा घास अडकला. देवानंदला वाटलं आता आपण काहीतरी बोलावं, पण तयार असलेलं ते स्थानिक हक्काचं वाक्य आज त्याला स्वतःलाच पोकळ लागलं.

आचल उठली, हात धुतले, आणि गाडीच्या डिकीकडे बोट दाखवून मेमचाला म्हणाली, "बॉल आनला का तुमी?"

"बॉल तं नेहमीच राहते."

"मंग चाल. तू आडवी होय. मी बॉल घेऊन तुले काढून जाते. पाहू कितीदा जमते."

"आत्ता? रोडगे खाऊन?"

"मीबी खाल्लेच ना."

गोठ्यासमोर बैल बांधायची मोकळी जागा होती. तिथं दोन बाजा उभ्या करून गोल केला. पुंजाजींच्या हातात कुणीतरी काठी दिली आणि काठी वर केली की सुरू, एवढं त्यांना समजावलं. सुभद्रा ताटं तशीच टाकून आली. संघपाल आणि ज्योत्स्ना आपापल्या सवयीनं रेषेच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले. रेषा कुठेच नव्हती, तरी दोघंही तिच्या बाहेर उभे होते.

आबाजींनी काठी वर केली. आचल चेंडू घेऊन सुटली, डावीकडे झुकली, उजवीकडे वळली, आणि वळता वळता चेंडू मेमचाच्या पायाखाली शांत पडलेला होता. तिनं तो कधी काढून घेतला हे देवानंदला दिसलंच नाही.

"पुन्हा," आचल म्हणाली.

पुन्हा तेच झालं. मग ती वेगानं गेली, मेमचा मागं सरकत राहिली, आणि शेवटच्या क्षणी पाय घातला. आचल मातीत आपटली. देवानंद अर्धा उठला. सुभद्रेनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"बसा ना. पाय तुटला नाही तिचा."

"पन कोपर सोललं..."

"सोलू द्या."

आचल पडत राहिली आणि उठत राहिली. "दे ना डावीकडून!" असं संघपाल ओरडला, "दादा, तू बोलू नोको!" असं ज्योत्स्ना ओरडली, आणि पुंजाजींना या खेळात आता इतका रस आला की काठी खाली ठेवायचं भान त्यांना राहिलं नाही. एकदा चेंडू वाळक्या शेणावर आपटून उडाला आणि मेमचाच्या डोक्यावरून बाजांमध्ये गेला. संघपालनं दोन्ही हात वर केले.

"गोल!"

"तो गोल बैलाचा हाये, माहा नाही," आचल धापा टाकत म्हणाली.

मेमचा हसत हसत खाली बसली. तिनं आचलला जवळ ओढलं आणि तिच्या डाव्या खांद्यावर टिचकी मारली. "हे पाय. तू वळाच्या पहिले हा खांदा पाडते. हरबार. मी तुह्या पायाकडं पाहतच नाही, खांद्याकडं पाहते. मले पहिलेच समजते तू कुठं जानार."

"सगळ्यायलेच समजते?"

"शाळेतल्या पोरीले नाही समजलं. आमाले समजते."

देवानंद मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होता. हरली म्हणून ती हिरमुसली असेल, आता घरी राहायला तयार होईल, असं त्याच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटून गेलं होतं. आचलचे डोळे चकाकत होते. लहानपणी तिला पहिल्यांदा सायकलवर बसवून त्यानं मागून हात सोडला होता आणि ती पडली होती, तेव्हाही ती अशीच दिसली होती. त्या वेळी तो तिच्यामागे धावला होता.

तो पाणी शेंदायला म्हणून विहिरीकडे गेला. थोड्या वेळानं विहिरीच्या पलीकडून संघपालचा दबका आवाज आला.

"बीए झालं ना तुहं? मंग पुढं बीपीएड करशीनच. अमरावतीले ये. आमच्या संस्थेचंच हाये. होस्टेल, मेस, सगळं मी पाहतो. वरन घट्ट राहीन."

देवानंदनं कठड्यावरून वाकून पाहिलं. संघपाल मेमचासमोर उकिडवा बसला होता.

"दादा," देवानंद म्हणाला, "हे तं मणिपूरची हाये."

संघपाल दचकून उठला, पण क्षणात सावरला. "कोन म्हनते? भाषा ऐकली ना तिची? तीन वर्ष झाले इथलं पानी पिऊन राहिली. हे आता वऱ्हाडीच हाये."

"अन् ते जनरल डब्याचं?"

"जनरल डबा वेगळा. हे रिझर्वेशनवाली हाये."

हे शेवटचं वाक्य तो इतकं मोठ्यानं बोलला की आंब्याखालची सगळी मंडळी माना वळवून पाहू लागली. ज्योत्स्ना तर धावतच आली.

"दादा! माही कॅप्टन चोरून राहिला? माह्याच डोळ्यासमोर?"

"तू माही पुतनी चोराले आली, ते?"

"अवो मॅडम, सर," मेमचा दोघांच्या मध्ये उभी राहिली. मैदानावर राहायची तशीच. "कोनी मले चोरून नाही राहिलं. मी बीपीएड अमरावतीलेच करनार हाये. मॅडम, मी तुमाले आज गाडीत सांगनार होती. पन तुमी रस्ताभर सरले कशा शिव्या द्याच्या तेच घोकत होत्या, तं मले मधात बोलता नाही आलं."

आधी पुंजाजी हसले. मग केशरबाई, मग सुभद्रा. ज्योत्स्ना रागवायचा प्रयत्न करत होती, पण तिच्याही ओठांवर हसू फुटू लागलं, आणि शेवटी ती विहिरीच्या कठड्यावर बसून डोळे पुसत हसली. संघपाल मात्र लगेच कामाला लागला.

"चाल मंग, ठरलं. आचल, ज्या पोरीनं तुले खांदा शिकवला, ते आता आपल्याकडं. तूबी आपल्याकडं. पाहू मंग अकोल्याले कोन वाचवते."

आचल कोपरावर हळद दाबत उभी होती. "मी अकोल्याले जाते, मोठेबाबा."

"अवं पन मेमचा तं इकडं येऊन राहिली!"

"म्हनूनच. तिच्यासंगं खेळली तं ते मले पास देईन. मले तिले काढून जाचं हाये. त्यासाठी तिच्याविरुद्ध खेळा लागन." मग ती आत्याकडे वळली. "अन् आत्या, पेपरातल्या फोटोत मी उभी नाही राहनार. बेंचवर बसवलं तं बसीन. ज्या दिवशी खेळवशीन त्या दिवशी फोटो काढजो."

ज्योत्स्नानं होकाराची मान हलवली.

संघपालनं शेवटचा आधार धरला. "देवानंद, तू बोल बावा. तू तं महिनाभर सांगून राहिला ना, पहिला हक्क इथल्या पोरीचा. समजाव हिले."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. देवानंदच्या हातात भरलेली बादली होती. ती त्यानं खाली ठेवली.

"दादा, मले फुटबॉल समजत नाही," तो म्हणाला. "स्थानिक काय अन् बाहेरचं काय, तेबी नाही समजत. पोरगी संध्याकाळी घरी जेवाले यावी, येवढंच मत होतं माहं. बाकी सगळं मी तुह्याकडून पाठ केलं होतं."

आधी थोडं हसू फुटलं, आणि मग ते जिथल्या तिथं विरलं. सुभद्रा हळूच म्हणाली, "मले तं पहिल्या दिवसापासून माहीत होतं." मेमचा बाजूला झाली आणि उगाच चेंडूची माती पुसू लागली.

आचल वडिलांजवळ आली. बादलीची कडी दुसऱ्या बाजूनं धरली, आणि दोघांनी ती आंब्यापर्यंत नेली.

"बेंचवर बसा लागन तुले," अर्ध्या वाटेत देवानंद म्हणाला.

"हाव."

"किती दिवस?"

"माहीत नाही बाबा."

"बरं," तो म्हणाला. "मंग जाय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो तिला घेऊन अकोल्याला गेला. ट्रंक, गादी, तिखटाचा डबा. होस्टेलच्या दारात मुलींची आणि बापांची रांग होती. त्याच्या पुढे हरयाणाचा एक पागोटंवाला शेतकरी उभा होता, मागे रांचीहून आलेली एक बाई. दोघांनीही त्याला कुठून आलात म्हणून विचारलं. त्यानं वलगाव सांगितलं, तेव्हा दोघांनीही ते फार लांब असल्यासारखी मान डोलावली.

आतल्या टेबलाशी बसलेल्या रेक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या घाईत होत्या. "अकोल्यातल्या मुलींना होस्टेल नाही भेटत, आधीच सांगते. तुमची मुलगी स्थानिक आहे की बाहेरची?"

देवानंदनं मागं वळून पाहिलं. अंगणात दोनचार मुली चेंडू एकमेकींकडे टोलवत होत्या. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. आचल ट्रंक तिथंच टाकून केव्हाच त्यांच्यात शिरली होती आणि डावा खांदा अगदी सरळ ठेवून उभी होती.

"बाहेरची," तो म्हणाला. मग त्यानं जरा मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं, "बाहेरची हाये जी. वलगावची."